पोरींना सोनं आणि शेत

पुना आबांची पंचाहत्तरी रविवारी साक्रीला होती आणि तिथे दाखवायचा व्हिडिओ पिंप्राळ्यात त्यांच्या नातीच्या, दहावीतल्या भाविकाच्या कॉम्प्युटरवर शिजत होता. भाविकाला एडिटिंग शिकून तीनच आठवडे झाले होते. म्हणजे तिला सगळंच येत होतं. योगराज काकांची जांभई तिने उलटी चालवून पाहिली आणि एकटीच खो खो हसली.

अडचण एकच. आबा अहिराणीत बोलत होते आणि व्हिडिओ वर्गातल्या मुस्कानलाही पाठवायचा होता. "अय्या, तुझे आबा असं बोलतात?" असं ती म्हणाली तर? भाविकाने आधी कॉम्प्युटरकडून बोलण्याची अक्षरं करून घेतली, मग आबांचा आवाज काढून वर बासरी चढवली.

कॉम्प्युटरला अहिराणी कुठून येणार? त्याने लिहिलं, 'मन्या दोन्ही पोरी सोनं शेत.' मराठीत ब्याण्णव मार्क पडलेल्या भाविकाने पुन्हा न ऐकताच ते शुद्ध करून आबांच्या चित्राखाली टाकलं: 'माझ्या दोन्ही पोरींना सोनं आणि शेत.' कॉम्प्युटर कुरकुरायला लागला म्हणून मूळ शूटिंग उडवलं आणि शनिवारी सकाळी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर सोडला.

चहाला उकळी फुटायच्या आत धुळ्याहून पुनम आत्याचा फोन आला. ती रडत होती. "आबांनी आमची आठवण ठेवली गं!"

पाठोपाठ सावद्याची सारिका आत्या. "विहिरीकडचं का माळाकडचं, तेवढं सांग."

भाविकाला काहीच कळेना. तेवढ्यात पप्पांच्या फोनमधून साक्रीचे योगराज काका गरजले, "भाऊ, वावर मी कसस, अन् आबानी ते पोरीसले दी टाकं! तेबी बासरी वाजाडीसन!"

पप्पा तिच्याकडे वळले. "आबा नेमकं काय म्हणाले होते?"

भाविकाने आठवून पाहिलं आणि तिचे कान तापले. आबा म्हणाले होते 'सोनं शेतस.' म्हणजे सोनं आहेत! शेताचा कुठे संबंधच नव्हता.

"मूळ आवाज लाव."

"उडवला."

"का?"

या 'का'चं उत्तर तिने पप्पांना दिलं नाही. ते साक्रीला, भरल्या मांडवात, आबांसमोर द्यावं लागलं. दोन्ही आत्या नव्या साड्या नेसून पुढेच बसल्या होत्या. काका जेवायला तयार नव्हते.

"मना आवाज कोठे गया?" आबांनी विचारलं.

"मी काढला."

"काबरं?"

"ती... अहिराणी होती म्हणून." आवाज इतका बारीक आला की, मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "माइकमा बोल, बेटा!" म्हणून ते तिला माइकमध्ये पुन्हा सांगावं लागलं. अख्ख्या मांडवाने ऐकलं.

आबांनी तिच्या हातातला माइक घेतला. म्हणाले, "मन्या दोन्ही पोरी सोनं शेतस. मी इतलंच बोलनू." आत्यांनी एकमेकींकडे पाहिलं. काकांनी ताट मागवलं.

भाविकाला वाटलं, सुटले. ती जेवायला बसली, तर आबा स्वतः जिलेबीचं ताट घेऊन समोर उभे.

"भाविकाताई, आपण जिलेबी घ्याल का?"

"आबा?"

"संकोच करू नये. गरम आहे." पाठ ताठ, उच्चार दूरदर्शनच्या बातम्यांसारखे. पंगत खिदळायला लागली. दुपारभर तेच. 'आपण थकला असाल.' 'आपली चप्पल इकडे आहे.'

शेवटी निघताना ती पाया पडली आणि उठेचना. "आबा, चुकलं माझं. अहिराणीत बोला ना माझ्याशी!"

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फार अदबीने विचारलं, "बोललो असतो. पण आपणांस समजेल का?"