अकरा नातवंडांचे हिराजीकाका

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतले हिराजीकाका अकरा मुलांचे आजोबा आहेत, आणि त्यांचं लग्न झालेलं नाही.

जवळच्या इंग्रजी शाळेत दर परीक्षेनंतर ओपन हाउस असतं. प्रगतिपुस्तक घरच्या मोठ्या माणसाच्याच हातात देतात, तेही कामाच्या वारी, सकाळी दहाला. ज्यांचे आईबाप रबाळ्याच्या कंपनीत पाळीवर असतात, किंवा ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनी काय करावं, हे शाळेने सांगितलेलं नाही. म्हणून कामापुरतं इंग्रजी येणारे काका इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि तमिळ, भोजपुरी, कानडी, मराठी अशा सगळ्या घरांचे आजोबा म्हणून सह्या ठोकतात. एकदा एका बाईंनी विचारलंच, "आजोबा, तुम्ही नक्की कुठले?"

"हितल्याच दिवाले गावचा कोली. नातवंडं बाहेरगावची हायत," म्हणाले, आणि पुढच्या वर्गात शिरले.

"शिकायचं पोरांनी न् परीक्षा आईबापाची? ही कोनती शाला?" हे वाक्य ते लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, मयतालासुद्धा म्हणतात. मला आधी हसू यायचं. आता माझंही डोकं फिरतं. देशभरातली माणसं आपल्याला कामाला हवीत, त्यांच्या पोरांची फी हवी, त्यांची भाषा तेवढी नको!

गेल्या ओपन हाउसच्या आदल्या दिवशी सहावीतली सस्मिता काकांकडे आली. तिची आई सुभद्रा ओडिशाची, आमच्याच इमारतीत घरकाम करते. या वेळी तिने मुद्दाम सुट्टी घेतली होती. पण बाईंनी वर्गात बजावलं होतं, इंग्रजी येणारंच कुणीतरी आणा.

"काका, तुमीच चला ना. मम्मीला बोलता येत नाय. सगळे हसतील."

मला वाटलं, काका शाळेवर घसरणार. ते घसरले पोरीवर. "मी नाय येनार! आय येल तुजी!"

ती रडत गेली. "काका, लहान आहे हो ती," मी म्हणालो.

काका म्हणाले, "माजी आय आलती शालेत, मना भेटायला. डोक्यावर मावऱ्याची पाटी. मास्तर बोलला, ही कोनाची आय? पोरं नाक धरून हसली. मी पुस्तकात बगत बसलो. मान वर केली नाय. ती तशीच परत गेली. घरी कायपन बोलली नाय, ताट वाढलं."

दुसऱ्या दिवशी काका आणि मी त्या मायलेकींच्या मागोमाग गेलो. फाटकाशी वॉचमनने सुभद्राला अडवलं. "किससे मिलना है?" ती गोंधळून लेकीकडे पाहू लागली. सस्मिता खाली बघत होती. मी पुढे होणार, तोच काकांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"मेरी मम्मी है," सस्मिता म्हणाली, आणि आईचा हात धरून आत गेली.

काका तिथेच उभे राहिले.

"बोलली रे," ते म्हणाले. "बोलली ती."