शांततेची चोख व्यवस्था

नाटकाच्या पडद्यामागची व्यवस्था मी पाहतो. अंधारात माझी माणसं पलंग-कपाटं हलवतात आणि पहिल्या रांगेला चाहूलही लागत नाही! तेव्हा बायकोसाठी घर शांत करणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

पाळीच्या आधीच्या दिवसांत तिला कुकरची शिट्टी कानशिलात खिळा ठोकल्यासारखी लागते, ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते. हा आजार आहे, स्वभाव नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मागच्या खेपेला ती न्हाणीघरात दिवा मालवून बसली होती. म्हणाली, "पुन्हा असं झालं तर ताईकडे जाईन. रागाने नाही रे. इथे झेपत नाही म्हणून."

मी कामाला लागलो. बेल काढली. खिडक्यांना थिएटरचे काळे पडदे लावले. चपला दाराबाहेर. आईला बोलायची बंदी. फक्त विंगेतल्या खुणा.

"अरे, मी काय मुकी आहे?"

"आई, खुणा!"

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. आईने ओठांवर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडे हात केला, डोळे मिटले, मान हलवली. म्हणजे सून झोपली आहे, आत्ता नको. काकूंनी काळे पडदे पाहिले आणि तोंडावर हात ठेवून मागे फिरल्या.

थोड्याच वेळात बाहेरची खोली भरली, जिन्यातही माणसं उभी राहिली! सगळे चिडीचूप, माना खाली. तब्येत विचारायला आले असतील, असं मला वाटलं. इतकी शिस्त माझ्या विंगेतही नसते!

खालच्या मजल्यावरचे मास्तर कुजबुजले, "कधी?"

"दुपारी. आता शांत आहे."

"फार त्रास झाला?"

"फार. पण शेवटी डोळा लागला."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. भला माणूस!

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ती पाणी प्यायला बाहेर आली.

काकूंची किंकाळी माझ्या थिएटरच्या बाल्कनीपर्यंत गेली असती! मास्तर स्टुलावरून कोसळले, स्टूल पाण्याच्या पिंपावर, पिंपाचं झाकण थाळीसारखं गरगरत राहिलं. थांबेचना!

ती कान दाबून भिंतीला टेकली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

सगळे तिच्याकडेच बघत होते. मग तिला कळलं.

ती बॅग भरू लागली. "ताईकडे दोन कार्टी आहेत, कुत्रा आहे," मी म्हणालो.

"असू दे. तिथे मी जिवंत आहे हे तरी सगळ्यांना माहीत आहे."

बॅग मीच उचलली. ती पुढे, मी मागे. जिन्यातली माणसं बाजूला झाली आणि सवयीने पुन्हा माना खाली घातल्या.

मीही घातली.