भिंतीची चव

सेनाइदानं पहिल्यांदा भिंत खाल्ली ती पाणी शिंपडून केर काढताना. मातीच्या विटांचा असा वास सुटला की बोट लावून चाटल्याशिवाय राहवेना. नवरा वर खाणीत, महिना-महिना पत्ता नाही. एकटीसाठी मांस कशाला शिजवायचं, म्हणून रोज उकडलेले बटाटे आणि वर कपामागून कप कोरा चहा. पेरूतल्या त्या अयाकुचो शहराची चढण चढताना धाप लागायची, पण ते सांगायचं कुणाला? मग रोज चिमूटभर भिंत.

चिमटीची मूठ झाली. खाटेमागे खड्डा पडला, तो तिनं कॅलेंडरनं झाकला. एक दिवस घरमालकीण एर्मेलिंडाबाईंनी भुगा पाहिला आणि कॅलेंडर उचललं.

"उंदीर," त्या म्हणाल्या.

"असेल बाई."

"असेल काय? चांगला दांडगा आहे मेला."

त्यांनी मांजर आणून सोडलं. ते दिवसभर सेनाइदाकडेच बघत बसायचं. तिला बरं वाटलं, बघणारं कुणीतरी मिळालं. पण भुगा काही थांबेना.

"उद्या विष कालवून गिलावाच करते," बाई म्हणाल्या.

सांगावं तर खोली जाणार, न सांगावं तर जीव, कारण हात आवरणार नाही हे सेनाइदाला पक्कं ठाऊक होतं. शेवटचं म्हणून तिनं खड्ड्यात बोट खुपसलं. ते आरपार गेलं आणि पलीकडे कुणाच्या तरी बोटाला लागलं.

"कोण आहे?"

"मी मारुहा, शेजारच्या खोलीतली. बाईंना सांगू नका हं."

"अगं, तूही खातेस?"

"नवरा किनाऱ्यावर मजुरीला गेला तेव्हापासून. तुमच्या बाजूची कशी लागते?"

"जरा खारट."

विषाच्या धास्तीनं दोघींनी बाईंपुढे सगळं कबूल केलं. बाईंनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं. नर्सनं पापण्या ओढून पाहिल्या.

"रक्त कुठंय अंगात? म्हणून तर माती खावीशी वाटते. जेवणावर चहा बंद, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळ्या घ्या, कोंबडीचं रक्त परतून खा. आणि नवरा नसला तरी स्वतःसाठी शिजवा."

हळूहळू धाप गेली. संध्याकाळी दोघी आपापल्या खाटेवर पडून भोकातून गप्पा मारू लागल्या. दारातून गेलं की पाहुणी, आणि पाहुणीला काहीतरी वाढावं लागतं. भोकाला काहीच लागत नाही.

मग बाईंनी भोक बुजवलं. "बऱ्या झालात ना? झालं तर."

ओल्या गिलाव्याचा वास सेनाइदानं मुद्दाम घेतला. जिभेला काहीच वाटलं नाही. खोली मात्र खायला उठली. तिनं चमचा उचलला, कॅलेंडर बाजूला केलं आणि खरवडायला घेतलं. जरा थांबली, तर पलीकडूनही खरवडल्याचा आवाज येत होता.