अडीच किलो फी

“आजी, पैसे देशाबाहेर जात नाहीत असं मी म्हटलेलंच नाही,” चिमूरच्या बँकेचे मॅनेजर गुणवंतराव म्हणाले. “जातात. पण असे जात नाहीत.”

“मंग कसे जातात? मी काय त्याहिले यष्टीत बसवून देऊ?”

गोकुळाबाईंनी टेबलावर मांडलेल्या नोटा अजून ओलसर होत्या. बाजारात मासोळी विकून त्या थेट बँकेत आल्या होत्या आणि ही काही पहिली खेप नव्हती. शेजारी त्यांची नात दामिनी मान खाली घालून बसली होती. आजी बँकेत बोलायला लागली की ती मान खाली घालायची, आणि आजी बोलायची थांबत नसल्यामुळे हल्ली तिची मान दुखत होती.

गोष्ट एवढीच होती, की मागच्या वर्षी गावच्या तलावात मासोळीच्या अंगावर लाल फोड आले आणि निम्मा तलाव पोट वर करून तरंगला. मच्छिमार सोसायटीनं ठरवलं, आता मासोळीच्या रोगातलं कळणारं माणूस पगारावर ठेवायचं. नावं दोनच निघाली. एक दामिनी, जी बी.एस्सी. होऊन चिमूरच्या सायबर कॅफेत पोरांना ईमेल उघडून देत होती. दुसरा बाजारात गोकुळाबाईंच्या शेजारी बसणाऱ्या सुगंधाबाईंचा जावई, ज्यानं नागपुरात कसलासा कोर्स केला होता. कसला ते सुगंधाबाईंनाही सांगता येत नव्हतं. होळीनंतरच्या सभेत जो शिक्षणाचा, निदान प्रवेशाचा, पक्का कागद दाखवेल त्याची नेमणूक, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं. दामिनीनं कॉम्प्युटरवर शोधून शोधून स्कॉटलंडचं एक कॉलेज काढलं. मासोळीचे रोग, घरबसल्या, इंटरनेटवरून. आणि गोकुळाबाईंनी फी भरण्याच्या आधीच अख्ख्या बाजारात पेढे वाटले, “माही नात विलायतेत शिकून राह्यली.”

“विलायतेत?” सुगंधाबाईंनी पेढा तोंडात टाकून विचारलं. “काल तर मले चक्कीवर दिसली वं.”

तेव्हापासून फी भरणं ही गोकुळाबाईंच्या इभ्रतीची बाब झाली होती.

“आता बघा,” गुणवंतरावांनी पुन्हा फॉर्म पुढे ओढला. “परदेशी शिक्षणासाठी परकीय चलन मिळतं. पासपोर्ट आणा, व्हिसा आणा.”

“सर, मी जाणार नाहीये. मी इथेच बसून शिकणार आहे,” दामिनी म्हणाली.

“इथेच बसून शिकणार, तर मग पैसे बाहेर कशाला?”

“कारण कॉलेज बाहेर आहे.”

“कॉलेज बाहेर आहे, तर मग विद्यार्थी आत कसा?” गुणवंतरावांनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. “यात याला रकानाच नाही. बरं, निदान प्रवेश मिळाल्याचं पत्र आणा. मी नागपूरच्या शाखेला विचारून पाहतो.”

“पत्र ते अनामत भरल्यावर देतात.”

“आणि अनामत आम्ही पत्र पाहिल्यावर पाठवतो.”

गोकुळाबाईंनी एकदा मॅनेजरकडे, एकदा नातीकडे पाहिलं. “म्हंजे थे कालेज म्हन्ते तू पयले, आन् हे म्हन्तात तू पयले. लगनात जेवाच्या पंगतीत असं झालं ना, तर मी दोघाइलेही उपाशी उठवतो.”

गुणवंतराव माणूस वाईट नव्हते. रोज त्यांना कोणी ना कोणी आपलं म्हणणं असं टेबलावर आणून टाकायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते थकून पोत्यासारखे बसायचे. त्यांनी पाकिटातून स्वतःचं क्रेडिट कार्ड काढलं. “माझ्या कार्डावरून भरून टाकलं असतं, आजी. पण हे काय लिहिलंय, वाच ग.”

दामिनीनं वाचलं. “फक्त भारत आणि नेपाळमध्ये ग्राह्य.”

“मंग नेपाळात शिक ना वं!” गोकुळाबाई म्हणाल्या. “मासोळी तिथीबी असन!”

बाहेर आल्यावर त्या बँकेच्या पायरीवर बसल्या. जरा वेळानं उठून पुन्हा आत गेल्या. “मॅनेजरभाऊ, पैसा जात नाई. वस्तू जाते का?”

“वस्तू पोस्टानं जाते,” गुणवंतराव डोळे मिटूनच म्हणाले.

गोकुळाबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांचं स्वतःचं शिक्षण असंच झालं होतं. त्यांचा बाप दर आठवड्याला मास्तरांच्या घरी एक मरळ मासोळी पोचवायचा आणि मास्तर गोकुळाला पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. मरळीच्या बळावर त्या दुसरीपर्यंत पोचल्या. उन्हाळ्यात तळं आटलं आणि शिक्षण संपलं. पण त्यात मास्तरांनी कधी पासपोर्ट मागितला नव्हता.

“आजी, ते मासोळी घेऊन फी माफ नाही करत,” दामिनी काकुळतीला आली. “ते हसतील मले.”

“हसू दे. खाऊन हसतीन ना? मासोळीचंच कॉलेज हाये न थे? मासोळीची किंमत त्याहिले नाई कळन तर कोनाले कळन?”

त्यांनी घरातली खारवून कडक वाळवलेली मरळ काढली. डोक्यासकट, एकसारखी, पाव्हण्यारावळ्यासाठी राखून ठेवलेली. मोजून अडीच किलो. नवरा केवळराम दारात विडी ओढत बसला होता. त्यानं पाव्हण्यांची मासोळी निघताना पाहिली आणि विचारलं, “कोन मेलं?”

पोस्टातल्या बाबूनं पुडक्यातली चिठ्ठी आधी बाजूला काढली. “पार्सलात चिठ्ठी चालत नाही. वेगळी टाका.” ही मासोळी फी समजून घ्यावी, असं त्या चिठ्ठीत गोकुळाबाईंनी दामिनीकडून लिहवून घेतलं होतं. मग त्यानं कस्टमचा कागद पुढे केला. “आत काय?”

“मासोळी.”

“किंमत?”

गोकुळाबाईंनी सांगितली. बाबूनं पेन खाली ठेवलं. “किंमत लिहिली तर निर्यात होते बाई. मग लायसन्स लागते, डॉक्टरचा दाखला लागते, नागपूरले जा लागते. सगळे लिहितात तसं लिहा. नमुना, व्यापारी किंमत नाही.”

“किंमत नाई?” गोकुळाबाईंचा आवाज पोस्टाच्या बाहेर गेला. “अरे, हे मरळ बाजारात आणली तर तुह्या पगारात बसत नाई!”

“आजी, लिहू दे,” दामिनी हलकेच म्हणाली, आणि तिनं लिहिलं. कोणत्या तलावातली, कधी धरलेली, तेही लिहिलं, बी.एस्सी. झाल्यामुळे तिला राहवलं नाही. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव आणि ईमेलचा पत्ता घातला. चिठ्ठीचं पाकीट मात्र तिनं पेटीपाशी उभं राहून बराच वेळ हातात धरलं आणि पर्समध्ये परत ठेवून दिलं. ईमेलही केला नाही. मासोळी वाटेत हरवावी अशीच तिची इच्छा होती.

मासोळी हरवली नाही. होळीला थोडे दिवस उरले असताना दामिनी सायबर कॅफेतून छापलेले दोन कागद घेऊन घरी आली. तिचा चेहरा असा होता की हसावं की रडावं ते तिनं आजीवर सोडलं होतं.

“आजी, त्यांनी मासोळी तपासली.”

“तपासली म्हंजे?”

“आपण नमुना लिहिलं ना. त्याहिले वाटलं, रोग हाये का पाहाले पाठवली. लॅबमध्ये नेली. रिपोर्ट आला. कोणताही रोग आढळला नाही.”

“रोग!” गोकुळाबाई उठून उभ्या राहिल्या. “माह्या हातच्या मासोळीले रोग? चाळीस वर्सं विकून राह्यलो, एक माणूस म्हनला नाई! पाव्हण्याले जेवाले पाठवलं, आन् यायनं त्याले दवाखान्यात नेलं!”

“दुसरा कागद बिल आहे.”

“कायचं बिल?”

“तपासणीचं. तीस पौंड.”

गोकुळाबाई बसल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत, म्हणून केवळराम आत येऊन पाहून गेला. अडीच किलो मरळ गेली, फी तशीच राहिली, आणि वरून आणखी तीस पौंडांचं देणं झालं. सुगंधाबाई सकाळीच विचारून गेल्या होत्या, “झाली का वं कालेजात भरती? जावई म्हने, त्याचा कागद तयार हाये.” गोकुळाबाईंना पहिल्यांदाच वाटलं, की गप बसलं असतं तर बरं झालं असतं. पण ही सवय त्यांना नव्हती, त्यामुळे तो विचार फार टिकला नाही. दोन्ही कागद कमरेला खोचून त्या बँकेत गेल्या आणि मॅनेजरच्या टेबलावर आपटले.

“घ्या! तुमी पैसे जाऊ देले नाई म्हून हे झालं!”

गुणवंतरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा त्या शाखेत कोणी कधी पाहिला नव्हता.

“आजी! हे तर बिल आहे!”

“माहीत हाये!”

“तसं नाही. बिल आहे म्हणजे देणं आहे. देणं पाठवता येतं! प्रयोगशाळेचं शुल्क, याला रकाना आहे!” त्यांनी घाईघाईनं फॉर्म काढला. “चहा सांगा रे कोणी!”

“म्हंजे शिकाचे पैसे जात नाई, आन् मासोळी तपासाचे जातात?”

“नियम आहे, आजी.”

“कोनं केला?”

“आपल्यापैकी कोणी नाही,” गुणवंतराव म्हणाले, आणि हे त्यांचं त्या वर्षातलं सर्वांत मनापासूनचं वाक्य होतं.

नागपूरच्या शाखेतून पौंडांचा ड्राफ्ट निघाला. पाठवणारी, दामिनी. तिकडे कॉलेजच्या हिशेबखात्यात बसलेल्या माणसानं ते नाव आपल्या कॉम्प्युटरात शोधलं. तिथे दामिनी नावाची एकच मुलगी होती, अर्ज करून अनामतीपायी अडकलेली. अनामतही तेवढीच होती, म्हणून त्यानं तीस पौंड तिची अनामत म्हणून जमा करून घेतले. तिसऱ्या दिवशी प्रवेशाचं पत्र ईमेलनं आलं. गुणवंतरावांनी ते पत्र पाहून उरलेली फीही पाठवून दिली.

“आता पासपोर्ट नाई लागत?” गोकुळाबाईंनी संशयानं विचारलं.

“पहिला हप्ता गेलेला आहे ना. म्हणजे प्रकरण चालू आहे. चालू प्रकरणाला पासपोर्ट विचारत नाहीत.”

गोकुळाबाईंना यातलं काही कळलं नाही. पण कळत नसलेल्या गोष्टी सुरळीत चालल्या की त्यांत हात घालू नये, एवढं त्यांना कळत होतं. त्या दिवशी त्यांनी बाजारात सुगंधाबाईंना नुसतं पाहिलं. काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यानं सुगंधाबाईंचा दिवस वाया गेला.

आणि सभेला चार दिवस उरले असताना लॅबचा ईमेल आला. तपासणीच्या बिलाचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आठवड्यात न भरल्यास विद्यार्थिनीचा प्रवेश थांबवण्यात येईल.

“पैसे मी पाठवले,” ईमेल वाचून गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. “माझ्या कागदावर ते बिल फिटलंय. एका बिलाचे दोनदा पैसे पाठवता येत नाहीत.”

“त्यांच्या कागदावर ती अनामत आहे,” दामिनी म्हणाली.

“ते बरोबर आहेत,” गुणवंतराव म्हणाले. “मीही बरोबर आहे.”

“मंग चुकलं कोन? मी?” गोकुळाबाईंनी विचारलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्यांना फार थकवा आला होता. तलावातून भरलेलं जाळं एकटीनं ओढावं तसा. मग त्या म्हणाल्या, “पोरी, त्या रिपोटात मासोळी किती तपासली लिवलं हाये का?”

दामिनीनं कागद काढला. “साठ ग्रॅम.”

“आन् पाठवली किती?”

“अडीच किलो.”

“मंग बाकीची कोठी हाये?”

सायबर कॅफेत गोकुळाबाई नातीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. दामिनी लिहीत गेली. या वेळी तिनं एकही शब्द गाळला नाही. “तपासाले घेतली तेवढी तुमची. उरलेली माही. एक तर मासोळी वापस करा, जशीच्या तशी, डोक्यासकट. नाईतर तिची किंमत बिलातून कापा आन् वरचे पैसे मले पाठवा. आमी इथी कोनाची मासोळी फुकट ठेवत नाई. तुमच्या गावची रीत काय हाये थे कळवा.”

“आजी, हे जरा जास्त होते.”

“आंगठा पायजे का खाली?”

“नको.”

सभेच्या आदल्या संध्याकाळी उत्तर आलं. लॅबच्या प्रमुखानं स्वतः लिहिलं होतं, आणि आधीच्या पत्रांपेक्षा ते पुष्कळ नरम होतं. दामिनी वाचत गेली तसतशी आजीसाठी मराठीत सांगत गेली.

“म्हणतात, उरलेला नमुना परत करणं शक्य नाही. बिल रद्द केलं आहे. प्रवेश चालू राहील.” ती थांबली. “हा विषय आपण वर कोणाला कळवू नये, अशी विनंती आहे.”

“काऊन शक्य नाई?”

“ते नाही लिहिलं. पण खाली एक प्रश्न विचारला आहे.” दामिनीनं पडद्याजवळ तोंड नेलं आणि तिला हसू आवरेना. “विचारतात, ही मासोळी शेगडीवर भाजल्यावर इमारतीतला वास कसा घालवावा? आठ दिवस झाले. डायरेक्टर रोज विचारतात म्हणे.”

गोकुळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, बसल्या आणि कितीतरी दिवसांनी पाय लांब केले.

“लिही,” त्या म्हणाल्या. “म्हना, वास जात नाई. आखीन चार दिस गेले का आपल्यालेच येनं बंद होते.”