काजळी काढणारे नाना

इंजिनातली काजळी काढायची तर मोटारसायकलचा मालक समोर बसलेला पाहिजे, असा आमच्या शेजारच्या नानांचा नियम होता. गाडी टाकून कुणी कामाला निघून गेला, तर नाना ती ढकलत नेऊन भर रस्त्यात उभी करायचे. मालक नसेल तर शिव्या द्यायच्या कुणाला?

नाना अमळनेरच्या एका तेलगिरणीत इंजिनावर होते. निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी अक्का वारल्या, आणि मग त्यांनी आळीतल्या यच्चयावत गाड्यांवर हक्क सांगायला सुरुवात केली. मजुरी घेत नसत. विषय काढला तरी अंगावर धावून येत. फुकटात काम होतं म्हणून आम्ही जायचो आणि यथेच्छ अपमान करून घ्यायचो.

"बठ आठे. उठानं नही."

मग हेड उघडायचं. बांबूच्या कामटीनं पिस्टनवरची काजळी खरवडायची. लोखंड लावायचं नाही, ओरखडा उठतो. निघालेला प्रत्येक पापुद्रा माझ्या नाकासमोर नाचवायचा. "हाई काजळी कोनी? तुनीच ना?" जसं काही मीच ती रात्रंदिवस बसून तयार केली होती! सायलेन्सर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळात घालायचा, आणि त्याचा काळा धूर थेट आमच्या वाळत घातलेल्या धोतरांवर. आई त्यांच्यावर कडाडायची, ते आईवर कडाडायचे, आणि मी मधे पाटावर बसून दोघांचं ऐकायचो. चहासुद्धा ते रागानंच देत, कप आपटून.

सकाळी बसलेला माणूस दुपारी सुटे. आणि थोडे दिवस जातात न जातात तोच गाडी पुन्हा धापा टाकायला लागे. टू-स्ट्रोक गाडी, तिच्या पेट्रोलात तेल मिसळावंच लागतं, पण ते जास्त झालं की काजळी धरते. एकदा मी भीत भीत विचारलं, "नाना, तेल जास्त तर होत नाही ना?"

"तू माले शिकाडस? मी सांगस तितलं टाक. तेल कमी पडनं ते इंजिन जाम व्हई जाई!"

इंजिनावर हयात घालवलेल्या माणसापुढे काय बोलणार? मी टाकत राहिलो.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची, कुसुमची, धरणगावच्या एका शाळेत मुलाखत होती. बी.एड. होऊन घरी बसलेली पोरगी. ही नोकरी हुकली तर वडील तिचं लग्न उरकून मोकळे होणार होते. तिला मागे बसवून निघालो. अर्ध्या वाटेत गाडी खोकली आणि मेली. किक मारून मारून माझा पाय सुजला. शेवटी कुसुमला कापसाच्या एका ट्रकवर चढवून दिलं आणि ते धूड ढकलत मी मागून निघालो. वाटेत नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

धरणगावच्या मेकॅनिकनं सायलेन्सर काढून आत पाहिलं. धुराला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. तो हसायला लागला. "भाऊ, इतलं तेल कोन टाकस? गाडी चालावतस का भजी तळतस?"

कुसुम पोचली तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. केसांत कापूस, डोळ्यांत पाणी. गयावया करून तिनं शेवटी मुलाखत दिली. नोकरी लागली, पण ती तिच्या जिद्दीनं. आमच्या गाडीनं तर वाट लावलीच होती.

परत आलो तो थेट नानांच्या ओट्यावर. जन्मात इतका ओरडलो नसेन. "तेल जास्त होतंय हे तुम्हाला कळत नव्हतं? तुम्हाला? पोरीच्या जन्माचं नुकसान होत होतं, नाना!"

आता हे उसळणार म्हणून मी बाह्या सरसावून उभा होतो. नाना उसळले नाहीत. हळूच म्हणाले, "पोर पोची गई ना?"

"पोचली! पण का केलंत असं?"

बराच वेळ ते धोतराला हात पुसत राहिले. "तुनं इंजिन साफ ऱ्हायनं, ते तू कसाले येशी?"

"अहो, मग सरळ चहाला बोलवायचं!" मी अजून ओरडतच होतो.

"बलायं ना. कितला दाव बलायं. च्या पितस नि उठी जातस बठ्ठा लोक." नाना माझ्याकडे बघत नव्हते. "इंजिन उघाडी टाकं, का मानूस कोठे जाई?"

मी ओट्यावर बसलो. राग काही गेला नव्हता, पण उठवेना.