मनोनिग्रहाची बॅटरी

अंशुमन देवस्थळीने सिगारेट सोडली ही बातमी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या सगळ्या मराठी घरांत पोचायला दोन दिवस लागले. पोचवायचं काम त्याने स्वतःच केलं.

"ना पॅच, ना गोळ्या, ना च्युइंगगम," तो भेटेल त्याला सांगायचा. "मनोनिग्रह! एक दिवस ठरवलं आणि सोडली."

ठरवलं होतं त्याच्या बायकोने, ऋजुताने, हे तो सांगायचा नाही. आणि खिशात काय आहे, हे तर मुळीच सांगायचा नाही.

खिशात वेप होता, बॅटरीवर निकोटिनची वाफ देणारी नळी. एकदा वापरून फेकायचे वेप सरकारने बंद केल्यामुळे आता चार्ज करायचाच घेणं भाग होतं, आणि अंशुमनसारखा माणूस अशी वस्तू दुकानात जाऊन नुसती उचलून आणत नाही. त्याने एक्सेल शीट केली. एकेचाळीस मॉडेल, नऊ रकाने. लांबी, वजन, किंमत, बॅटरी, चार्जिंगला लागणारा वेळ असं करत करत शेवटचा रकाना होता 'सापडल्यास काय म्हणता येईल'. स्लाऊमध्ये राहतं घर घेताना त्याने एवढा खटाटोप केला नव्हता. घर ऋजुताने बघितलं होतं, याने सही केली होती.

हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानात मोबाइलची दुरुस्ती, सुटकेसी आणि वेप असा एकत्र संसार होता. अंशुमन तिथे चार संध्याकाळी गेला, फूटपट्टी घेऊन. चौथ्या संध्याकाळी दुकानदाराने हात जोडले. "भाईसाब, पीना है या शादी करनी है?"

शेवटी त्याने सगळ्यात छोटा आणि जवळपास सगळ्यात स्वस्त असा राखाडी वेप घेतला. दिसायला पेन ड्राइव्हसारखा. बटणसुद्धा नव्हतं. तोंडाला लावून ओढलं की आत हवा जायची, निळा दिवा लागायचा आणि आंब्याच्या वासाची वाफ यायची. शेवटच्या रकान्यात त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, 'ऑफिसचं टोकन'.

"हे ऑफिसचं सिक्युरिटी टोकन आहे," त्याने ऋजुताला सांगितलं. "याच्याशिवाय लॉगइन होत नाही. कुणी हात लावायचा नाही."

ऋजुता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासून आल्यावर नवऱ्याची टोकनं तपासायची तिला हौस नव्हती.

मग बॅटरीची सेवा सुरू झाली. या माणसाने घरातल्या एकाही कुंडीला कधी पाणी घातलं नव्हतं. गाडीची एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, दोनदा विसरला होता. पण बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही, फास्ट चार्जर लावायचा नाही, खिडकीतल्या उन्हात ठेवायची नाही, किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर खिशात टाकायची नाही, हे सगळं तो पाळायचा. त्यासाठी फोनवर अलार्म लावले होते.

"टोकनला अलार्म?" ऋजुताने एकदा विचारलं.

"लिथियम आहे, ऋजुता. लिथियमला शिस्त लागते."

ओढायची जागा म्हणजे घरामागचे कचऱ्याचे बिन. कौन्सिलची गाडी आठवड्यातून एकदा यायची, अंशुमन बिन बघायला दिवसातून सहा वेळा जायचा. शेजारची बाई त्याला फार जबाबदार गृहस्थ समजत होती.

सप्टेंबरात त्याची आई कोथरूडहून आली. तिची गोष्ट वेगळी होती. सहा वर्षांपूर्वी तिने अंबाबाईला सांगितलं होतं की, लेकाची सिगारेट सुटेपर्यंत मी चहाला शिवणार नाही. आणि ती खरंच शिवली नव्हती. लग्नात, बारशात, शेजारच्या काकूंनी शपथ घातली तरी नाही. स्लाऊच्या स्वयंपाकघरात ऋजुताने तिच्यापुढे आलं घातलेला चहा ठेवला, तेव्हा पहिल्या घोटाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अंशू, तुझ्यामुळे रे," ती म्हणाली.

अंशुमनने साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला. तो बिन बघायला गेला.

हे उघडकीला आलं तर आईचा चहा पुन्हा जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्या विचाराने त्याला खरोखर अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की ओढावंसं वाटायचं. आईच्या बॅगेतून कॉफीचे तीन मोठे डबे निघाले होते, पण "पाहुण्यांना लागते" असं ती म्हणाली आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही.

दसरा कामाच्या दिवशी आला. आईने तो शनिवारवर ढकलायला साफ नकार दिला, म्हणून अंशुमनने रजा घेतली. सकाळी दिवाणखान्यात पाट मांडून आई शस्त्रपूजेची तयारी करत होती. लॅपटॉप, ऋजुताचं हॉस्पिटलचं जुनं ओळखपत्र, विळी इथे नव्हती म्हणून भाजीची सुरी, गाडीची किल्ली.

"आणि तुझं ते टोकन दे," आई म्हणाली.

"ते कशाला?"

"पोट कशावर चालतं तुझं? तूच म्हणालास ना, त्याच्याशिवाय ऑफिस उघडत नाही."

"हो, पण ते चार्जिंगला..."

"अंशू, दसरा आहे. दे इकडे."

ऋजुता बघत होती. त्याने दिलं. आईने त्या राखाडी तुकड्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वर सुपरमार्केटातलं पिवळं शेवंतीचं फूल ठेवलं. मग फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात पुणे, नाशिक आणि नागपूर मिळून एकोणतीस जणांनी अंशुमनच्या वेपला नमस्कार केला.

"आता उद्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही," आई म्हणाली.

अकरा वाजेपर्यंत अंशुमनने दम धरला. साडेअकराला त्याने फ्रिजच्या दारावर राग काढला. बारा वाजता तो फोन कानाला लावून दिवाणखान्यात आला.

"आई, ऑफिसमधून अर्जंट आहे. लॉगइन करायला लागेल. ते टोकन घेतो जरा."

"लॉगइन कशावर करणार? लॅपटॉपही पूजेत आहे."

त्याने फोन खिशात टाकला. दुकानात जाऊन दुसरा आणावा, तर गाडीची किल्लीही कुंकू लावून पाटावर बसली होती. चालत जावं, तर ऋजुता कामावर जाताना त्याला श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढायला बसवून गेली होती आणि समोर आई खुर्ची टाकून देखरेख करत होती. चार किलो चक्का. मनोनिग्रहाचा हा महामेरू दर दोन मिनिटांनी मान वळवून पाटाकडे बघत होता. बॅटरी सकाळी चोवीस टक्क्यांवर होती. आता किती असेल, या काळजीने त्याचा जीव खालीवर होत होता. चक्का काढणाऱ्या हातांचं त्याला काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी सहाला पाहुणे आले. तिथल्या महाराष्ट्र मंडळातली चार माणसं, आणि शेजारच्या गल्लीतले कबीर आणि ईशिता. कबीर इथेच, लेस्टरमध्ये जन्मलेला, बॉयलर दुरुस्त करायचा, मनाने निर्मळ आणि मराठी व्याकरणाशी सलोखा नसलेला. त्याची सिगारेट सुटत नव्हती, म्हणून ईशिताने त्याला अंशुमनच्या पायाशी बसवायला आणलं होतं.

आरती झाली. आईने फूल तांब्यात बुडवून सगळ्या शस्त्रांवर सढळ हाताने पाणी शिंपडलं, सकाळच्यापेक्षाही जास्त, कारण आता बघायला माणसं होती. मग आपट्याऐवजी कुंपणाच्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटली गेली. ऋजुताने चहाचा ट्रे आणला.

"अंशुमन, याला सांग ना जरा," ईशिता म्हणाली. "कशी सोडलीस ते."

अंशुमन दिवसभर निकोटिनवाचून तडफडत होता, पण श्रोते दिसल्यावर त्याला राहवेना. त्याने सोफ्यावर पाठ ताठ केली.

"हे बघ कबीर, माणूस वस्तूचा गुलाम होतो ना, तिथे सगळं संपतं. मनोनिग्रह म्हणजे..."

पाटावर निळा दिवा लागला.

शेवंतीच्या पाकळ्यांमधून वाफेची एक बारीक रेघ वर निघाली, अंबाबाईच्या तसबिरीपाशी पोचली आणि तिथे रेंगाळली. खोलीभर आंब्याचा वास सुटला.

"अगं बाई!" आईने हात जोडले. "ऋजुता, दिवा लागला बघ! आपोआप!"

"काकू, हापूसचा वास येतोय," मंडळाचे एक गृहस्थ म्हणाले. "ऑक्टोबरात!"

त्यांच्या पत्नीने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा वाफ आली. दोन बायकांनी पाटाला वाकून नमस्कार केला. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. अंशुमनने फक्त गप्प बसायचं होतं. बाकीचं सगळं देवीच्या खात्यावर परस्पर जमा होत होतं.

पण ऋजुता लॅबमधली बाई होती. तिने बोट लावून बघितलं. "हे तापतंय. कबीर, बघ रे जरा, तुला यातलं कळतं."

कबीरने वाकून बघितलं, आणि त्याला लगेच कळलं. अगदी असाच, फक्त हिरवा, त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात होता. त्याने अंशुमनकडे बघितलं. अंशुमनचा चेहरा पांढरा पडला होता. मित्राला वाचवायचं त्याने मनावर घेतलं.

"नथिंग, काकू," तो म्हणाला. "टोकनचा बॅटरी गरम झाला. आमच्या कामावर पण होतो असा." मग अंशुमनला डोळा घालून म्हणाला, "तू काय कर, मेट. याला फास्ट चार्जर लाव आणि सगळा रात्र प्लगमध्ये ठेव. रोज फुल हंड्रेड कर. मग नाही होणार."

"असं होय," ऋजुता म्हणाली, आणि चहाचा कप उचलून आईच्या हातात दिला.

प्रकरण मिटलं होतं. कुणालाही काही विचारायचं उरलं नव्हतं. अंशुमनने ओठ घट्ट मिटून घेतले. पण 'सगळा रात्र' आणि 'फास्ट चार्जर' हे शब्द त्याच्या डोक्यात फिरायला लागले, आणि दिवसभर चक्क्यापुढे आणि पाटापुढे आवरून धरलेला सगळा राग एकदम वर आला.

"रात्रभर?" तो उठला. "फास्ट चार्जरवर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अंशुमन, मेट, लीव्ह इट," कबीर हळूच म्हणाला.

"लीव्ह इट काय? बॅटरीचा यात काही संबंधच नाही! हवेच्या सेन्सरमध्ये पाणी गेलंय. त्याला वाटतंय कुणीतरी ओढतंय, म्हणून ते पेटतंय! आधी पॉड, ही रसाची कुपी, काढायचा, नाहीतर कॉइल जळते." त्याने फूल बाजूला केलं, कुंकू पुसलं आणि सराईत हाताने पॉड ओढून काढला. दिवा विझला. "मग टिश्यूत धरून झटकायचं, असं. आणि हंड्रेड कशाला? वीस ते ऐंशी! दोन महिने मी याला ऐंशीच्या वर जाऊ दिलेलं नाही. विचार कुणालाही! एकेचाळीस मॉडेल बघून घेतलंय, या किमतीत एवढं छोटं आणि असा झुरका दुसरं कुणी..."

तो थांबला. मोबाइलवरचं चित्रण अजून चालू होतं.

"कुणीतरी ओढतंय?" ऋजुताने विचारलं.

"सॉरी, ब्रो," कबीर म्हणाला. "मी ट्राय केला."

"म्हणजे हे ओढायचं आहे?" आईने विचारलं.

मंडळाच्या गृहस्थांनी कोट शोधायला घेतले. ईशिता नवऱ्याच्या जॅकेटचे खिसे चाचपायला लागली. आईच्या हातात चहाचा कप होता, आणि आता सगळी खोली त्या कपाकडे बघत होती. सहा वर्षं थांबून मिळालेला चहा. आईने तो टेबलावर ठेवला.

अंशुमनने कप पुन्हा आईकडे सरकवला. या वेळी त्याला बिन बघायला जावंसंही वाटलं नाही.

"आई, घे ना चहा," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तू कशाला..."

"सिगारेट ओढतोस का?"

"नाही."

"एकही?"

"अंबाबाईची शपथ. एकही नाही."

"मग झालं तर." आईने कप उचलला आणि एक घोट घेतला. "मी सिगारेट म्हणाले होते."

"आई, अहो, हे तेच आहे!" ऋजुताचा आवाज चढला. "याने सोडलेलं काहीच नाही. नुसतं एक टाकून दुसरं घेतलंय!"

"हो, पण असं धरलं ना, तर मग पंचाईतच," आई कपात बघत म्हणाली. "मीही सहा वर्षं चहा सोडला तेव्हा कॉफी घेतच होते. दिवसाला सहा-सात कप. देवीने कधी हरकत घेतली नाही."

ऋजुताने आधी सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नाक-डोळे सारखे आहेत हे तिला लग्नात कळलं होतं. बाकीचं आज कळलं. ती उठली, स्वयंपाकघरातून कॉफीचे डबे आणले. तिसरा जवळपास संपला होता. मग तिने वेप उचलला आणि सासूच्या हातातून कपही काढून घेतला.

"हे कौन्सिलच्या बॅटरी रिसायकलिंगला जाईल," ती म्हणाली. "आणि आजपासून या घरात चहा नाही, कॉफी नाही, आणि मनोनिग्रह तर अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली. ऋजुता कामावर गेल्यावर अंशुमन मागच्या दाराने बिनपाशी जाऊन रिकाम्या हाताने उभा राहिला. थोड्या वेळाने शाल गुंडाळून आई बाहेर आली. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दोघं बिन बघायला लागली.

"काय रे," आईने विचारलं, "तुझ्या त्या एकेचाळीसात कॉफीच्या वासाचं होतं का एखादं?"

"सतरा नंबर," अंशुमन तत्काळ म्हणाला. "पण आई, त्याची बॅटरी..."

"वीस ते ऐंशी," आई म्हणाली. "ऐकलंय मी."