डाव्या कानातली शांतता

एका जंगलात एक पाणवठा होता. त्याला एक डावा काठ होता आणि एक उजवा. हे लक्षात ठेवा मुलांनो, पुढे लागेल. आणि जांभया देऊ नका.

दोन्ही काठांवर एकेक माइक पुरला होता. शेवंता नावाची भेकरी टेकाडावर हेडफोन घालून बसायची. डाव्या काठाचा आवाज डाव्या कानात, उजव्याचा उजव्या. वाघाची चाहूल लागली की ती ओरडायची आणि पाडसं पळायची. त्यांत तिचंही एक पाडस असायचं.

हेडफोन होता नाजूक, कमी ओहमचा. त्याच्यासाठी वामनराव अस्वलांनी स्वतः अँप्लिफायर बनवून दिला. शेवंताने पिन खोचली. डाव्या कानात ठप् झालं आणि कान तापायला लागला.

"वामनराव, आवाज नसतानाही कान तापतोय हो," ती म्हणाली.

"नवीन आहे. सरावेल."

"अँप्लिफायर की कान?"

"दोन्ही," वामनराव म्हणाले.

वडाखाली सभा भरली.

"हा डीसी ऑफसेट," ससा म्हणाला. "आवाज असो नसो, वीज एकाच बाजूला रेटत राहते. कमी ओहमचा हेडफोन ती जास्तच ओढतो. आतली बारीक तार जळते."

"काही जळत नाही," माकड म्हणालं. "माझ्या मेव्हण्याकडे असाच अँप्लिफायर आहे."

"आणि हेडफोन?"

"हेडफोन नाहीये त्याच्याकडे."

अध्यक्ष बगळेतात्यांनी डोळे मिटले. "दोघांचंही बरोबर आहे. ऑफसेट थोडा असेल तर काही होत नाही. जास्त असेल तर हेडफोन जळतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग किती आहे ते मोजू या की," शेवंता म्हणाली. "तो काय मीटर, समोर टांगलाय."

सभेने फांदीकडे बघून हात जोडले. मीटर फांदीला होता खरा, पण तो दसऱ्याला पुजलेला होता. त्याच्यावर हळदकुंकू होतं, झेंडूचा हार होता. पुजलेल्या हत्याराला पुढच्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, अशी तिथली रीत.

"शिवाय वामनरावांना काय वाटेल?" माकड म्हणालं. वामनरावांना आधीच वाटायला लागलं होतं. मला या मंडळींचा भारी राग येतो, पण गोष्ट सांगायला घेतली आहे.

शेवटी ऐकून बघायचं ठरलं. बगळेतात्यांनी हेडफोन लावला. "खरखर नाही, घरघर नाही. उत्तम." डीसी ऐकू येत नाही, मुलांनो. हे सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

काही दिवसांनी डाव्या कानापाशी करपल्याचा वास आला. शेवंताने टेकाडावरून हाक दिली, "तात्या, डावीकडचं काहीच ऐकू येत नाही."

"म्हणजे डावीकडे काही नाही," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पाडसांना डाव्या काठावर पाणी प्यायला पाठवलं.

शेवंता हेडफोन टाकून धावत सुटली. नुसत्या कानांनी तिला सगळं ऐकू येत होतं, पण टेकाड लांब होतं.

बाकीची पाडसं वाचली. तिचं नाही.

शोकसभा झाली. अँप्लिफायरला काहीही झालेलं नाही, हे ठरावात आवर्जून लिहिलं गेलं. पुढे दसरा आला. मीटर खाली उतरवला, पुसला, नवा हार घातला आणि परत टांगला. शेवंताला बोलावणं गेलं होतं. ती आली नाही, म्हणून मंडळींना जरा वाईट वाटलं.

तात्पर्य : मीटरची पूजा मनोभावे करावी. पुजलेला मीटर कुणाचंही मन दुखवत नाही.